एरंडाला फूल आलं की

माय, परवा सकाळी मी शेजारच्या काकांकडे गेलो आणि त्यांच्या बांधावरचे एरंड काढून टाका म्हणून सांगितलं. विनंतीच करायला गेलो होतो, पण इतकी वर्षं लोकांना शेतीचे सल्ले देऊन माझा आवाज असा झालाय की विनंतीसुद्धा सूचनेसारखी निघते. काका तुला आठवतात तसेच आहेत, फक्त दात गेलेत आणि त्यांच्याशी जरा मोठ्याने बोलावं लागतं. ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडत होते. माझं ऐकून घेतलं आणि हसले. त्या रांगा त्यांनी माझ्याच सांगण्यावरून लावल्या होत्या, आणि आता मीच त्या उपटायला सांगत होतो, याची त्यांना गंमत वाटली असणार. मी सांगितलं, पोरीला दम लागतो, नाशिकच्या डॉक्टरांनी तपासलं, एरंडाच्या फुलातून जी पिवळी भुकटी उडते तिचं तिला वावडं आहे. काकांनी हातातली मिरची टोपलीत टाकली आणि म्हणाले, "तुन्ही माय तं हाईच सांगे." त्यात टोमणा नव्हता. आठवलं म्हणून सहज बोलले. मी मात्र लगेच उत्तर दिलं, "तवय माले माहीत नव्हतं, काका." त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. आठवड्याभरात काढून टाकतो म्हणाले. मी घरी आलो, जेवलो, कामावर जाऊन आलो, पण माझं ते उत्तर काही पाठ सोडेना. म्हणून आज लिहायला बसलोय.

तुझी नात तू पाहिली नाहीस. तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि ती बारा वर्षांची आहे. नाक तिने तुझंच घेतलंय, आणि आता कळतंय की नुसतं बाहेरून नाही. गेली तीन वर्षं दिवाळीच्या आसपास तिला शिंका सुरू होतात. सकाळी उठली की पंधरा-वीस शिंका एका दमात, डोळे लाल, टाळूला खाज, मग खोकला, आणि पौषात तर छातीतून शिट्टी वाजायला लागते. पहिलं वर्ष आम्ही मिरचीवर ढकललं. आपल्या नंदुरबारकडे हिवाळ्यात शिंकणाऱ्या माणसाकडे कोणी वळूनही पाहत नाही. पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानांवर, मिरची पसरलेली असते, वारा फिरला की येणारा-जाणारा प्रत्येक माणूस शिंकतो, त्याचं काय एवढं. दुसरं वर्षही मिरचीच्याच नावावर गेलं. तुझी सून मात्र गप्प बसणारी नाही. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पोरीला त्रास होईल त्या तारखेला गोल करायला सुरुवात केली. सुटीत पोरगी नाशिकला मामाकडे गेली की गोल बंद, परत आली की तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. ती मला ते कॅलेंडर दाखवायची आणि मी म्हणायचो, धूळ असेल. वर्षभर म्हणत राहिलो. शेवटी तीच पोरीला घेऊन भावाकडे गेली आणि तिथल्या डॉक्टरांकडून तपासणी करून आली.

तुला हे ओळखायला कॅलेंडर लागलं नाही. वडील गेल्यावर अडीच एकर तू एकटीने ओढलंस, आणि शेतात काम नसेल तेव्हा पथारीवर मिरची निवडायला गेलीस. त्याच जिवावर मला लोणखेड्याला शिकायला ठेवलंस. मी सुटीत घरी आलो की माझ्या ताटात भाकरी वाढताना तू हात आखडून घ्यायचीस, बोटांचं तिखट माझ्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. मला ते तेव्हा नीट कळलंही नव्हतं, मला वाटायचं तू घाईत आहेस. दिवसभर मिरचीत बसूनही तुला दम लागत नव्हता. शिंका यायच्या, ठसका लागायचा, इतर बायांना लागतो तसाच, आणि तोंड धुतलं की संपून जायचा. पण एरंड फुलल्यावर सकाळी बांधाने एक चक्कर मारलीस की दुपारपर्यंत तुझी छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. तू दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या होत्यास. मिरची सोडून पाहिली, दम गेला नाही. पंधरा दिवस मावशीकडे नवापूरच्या डोंगरात जाऊन राहिलीस, दम गेला. परत आलीस, बांध ओलांडला आणि पुन्हा आला. आमच्या संस्थेत एखाद्या खताची चाचणी घेतात तीही इतकी चोख नसते. पण मला शेतीची पदविका मिळाली होती, आणि तुला मिळाली नव्हती.

आता आपला तो बांध. शिकून आल्यावर मला शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या संस्थेत नोकरी लागली, आणि मी पहिलं काम काय केलं असेल तर कपाशी आणि मिरचीच्या कडेने एरंड लावायला लावला. पानं खाणारी अळी आधी एरंडावर जाते, तिथे ती वेचून मारता येते, मधलं पीक वाचतं. हे खोटं नव्हतं, माय, आजही खोटं नाही. लोकांच्या दोन-दोन फवारण्या वाचल्या. मी पहिल्यांदा आपल्याच वावरात लावून दाखवला, मग काकांनी लावला, मग अख्ख्या शिवारात एरंडाची कड दिसायला लागली. त्याआधी आपल्याकडे एरंड नव्हता असं नाही, नाल्याच्या काठी चार झाडं होतीच, आणि तुझा त्रासही त्या चार झाडांइतकाच होता, थोडं खोकून बरा होणारा. माझ्या रांगा मोठ्या झाल्या तसा तुझा दमही वाढत गेला.

आणि आम्ही त्यावर औषध काय करत होतो ते आठवलं की मला चुलीसमोर उभं राहवत नाही. तू खाटेवर पाठीशी दोन गोधड्या घेऊन बसलेली आहेस, खांदे वर ओढलेले, बोलायला गेलीस की शब्दाच्या मध्येच श्वास घ्यावा लागतोय. तुझी सून तव्यावर एरंडाचं पान गरम करतेय. त्याला तेल लावायचं आणि छातीवर बांधायचं, सगळ्या गावात हेच करतात. पान बांधलं की ऊब लागायची, तुला बरं वाटायचं. मग मी एक शहाणपणा केला. पानासाठी दर वेळी नाल्यापर्यंत कोण जाणार, म्हणून मोरीच्या पाण्यावर, तुझ्या खोलीच्या खिडकीला लागून, एरंडाची सात झाडं लावली. मायच्या औषधासाठी लावलीत असं मी चार लोकांना अभिमानाने सांगितलंही. त्या वर्षी झाडं खिडकीच्या वर गेली आणि त्यांचे फुलांचे घोस तुझ्या उशापासून हातभर अंतरावर लोंबायला लागले. तू मला बोलावून सांगितलंस की पान चांगलं आहे, फूल वाईट आहे. मी हसलो. एकाच झाडाचं पान औषध आणि फूल विष, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस, असं विचारलं तुला.

शिवारफेरीचा दिवस तर मी कितीदा विसरायचा प्रयत्न केला. धानोऱ्याच्या बाजूने दोन गाड्या भरून शेतकरी आले होते, माझे वरिष्ठ होते, आपल्या वावराच्या कडेला मंडप घातला होता. मी एरंडाच्या रांगेजवळ उभं राहून समजावत होतो. तू पाण्याची कळशी घेऊन आलीस, तोंडावर ओला पदर. वरिष्ठांनी आदराने तुला विचारलं की आजी, एरंडाचा फायदा झाला का. आणि तू पदर बाजूला करून, अगदी शांतपणे सांगितलंस, "फायदा व्हयना साहेब. पन ह्या येरंडले फूल उनं का मन्हा दम भरी येस. मिरचीनी शिंक येगळी, हाई येगळी शे." कोणी हसलं नव्हतं, माय. हसायला मी लावलं. मी म्हणालो, "मायले वावरमा येवानं नही, म्हनीसन येरंडनं नाव सांगस." मग सगळे हसले, वरिष्ठही हसले, आणि माझी रांग वाचली. जिने एकटीने ते वावर राखलं तिला मी तिच्याच बांधावर चाळीस माणसांत कामचोर म्हटलं. तू पदर पुन्हा तोंडावर घेतलास, सगळ्यांना पाणी दिलंस आणि घरी गेलीस. काका त्या दिवशी पहिल्या रांगेत होते.

त्यानंतर तू मला काही सांगायचं सोडून दिलंस आणि आपल्यापुरता मार्ग काढलास. एका सकाळी मी उठून मागे गेलो तर मोरीजवळच्या सातही झाडांच्या घोसांचा खालचा भाग कुणीतरी ओरबाडून नेलेला. वरची लालसर तुऱ्यांची फुलं तशीच होती, खालची पिवळी तेवढी गायब. मला वाटलं शेळी शिरली. तू ओट्यावर बसून धान्य निवडत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "वरलं ठेवी दिधं. खाललं पिवळंच खुडं. बोंडं धरतीन." आदल्या दिवशी सूर्य कलल्यावर, नाकाला ओलं फडकं बांधून, तू ते एकेक करून खुडलं होतंस. एरंडाच्या घोसात खाली नर फुलं असतात आणि वर मादी, भुकटी खालून उडते आणि बोंडं वर धरतात, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. तू ते नुसतं पाहून काढलं होतंस. आणि मी काय केलं, तर तुझ्यावर ओरडलो. पीक नासवतेस, उद्या वावरातल्या रांगांना हात लावशील, लोक मला काय म्हणतील. सून घरातून बाहेर आली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. तू "बरं भाऊ" म्हणालीस. बोंडं धरली, वाऱ्यावर दुसरीकडून भुकटी आलीच. तू ती बोंडं मला कधी दाखवली नाहीस.

नाशिकच्या डॉक्टरांनी पोरीसाठी एका कागदावर काय काय पाळायचं ते लिहून दिलंय. सून तो कागद फ्रिजवर लावून बसलीय. सकाळी ऊन चढेपर्यंत खिडक्या बंद. फुलांच्या दिवसांत सकाळी शेताकडे जायचं नाही, जायचंच तर दुपार कलल्यावर, नाकाला मास्क लावून. बाहेरून आलं की हातपाय, तोंड, केस धुवायचे आणि कपडे बदलायचे. धुतलेले कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. नाकात मारायचा फवारा आणि छातीसाठी पंप रोजच्या रोज, बरं वाटलं तरी बंद करायचा नाही. घराजवळची झाडं काढायची. मी तो कागद वाचला आणि पुन्हा वरपासून वाचला. पंप आणि फवारा सोडला तर ती तुझी यादी आहे. तू सकाळी वावरात जात नव्हतीस म्हणून मी आळशी म्हणायचो. तू बाहेरून आलीस की आधी डोक्यावरून पाणी घ्यायचीस, मग चुलीपाशी, आणि मी म्हणायचो की म्हातारपणी सोवळं सुचलंय. तुझं लुगडं तू घरात दोरीवर वाळत घालायचीस आणि खोलीत दमट वास येतो म्हणून मी नाक मुरडायचो. दरवर्षी तू मावशीकडे जायचीस तेव्हा मी गाडीत बसवताना म्हणायचो, चालली पाहुणचाराला. पोरगी आता हे सगळं पाळते, शाळेतल्या मैत्रिणींना ऐटीत सांगते, पंप ओढून दाखवते. या वर्षी तिला अजून एकदाही शिट्टी वाजलेली नाही. मला आनंद होतो आणि त्याच वेळी लाज वाटते, दोन्ही एकदम.

इथपर्यंत लिहिलेलं मी लोकांनाही सांगू शकतो. खरं तर सांगतोच. हल्ली बैठकीत एरंडाचा विषय निघाला की मी म्हणतो, कड लावा पण घरापासून लांब लावा, कुणाला दम लागत असेल तर लावू नका, माझ्या आईने हे सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं पण आम्हाला कळलं नाही. लोक कौतुकाने ऐकतात. बाया तर हमखास मान डोलावतात. कळलं नाही, असं म्हणून मी पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आता धुळ्याचं लिहायला हवं. सकाळपासून मी दोनदा चहा केला तो तेवढ्यासाठीच टाळत.

तुला आठवतं, सून हटून बसली होती म्हणून मी तुला धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. तुला हायसं वाटलं होतं, वाटेत एसटीत तू दोनदा म्हणालीस की आता काय ते कळेल. डॉक्टरांनी तुझा डावा हात उताणा ठेवून मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशी एक थेंब टाकला आणि सुईने हलकं ओरखडलं. थोड्या वेळाने बाकीच्या जागा तशाच राहिल्या, एकदोन ठिकाणी बारीक लाली आली, आणि सातव्या आकड्यापाशी रुपयाएवढी गांधी टरारून उठली. डॉक्टरांनी मापलं, कागदावर लिहिलं, आणि तेवढ्यात त्यांना कुठेतरी तातडीने बोलावलं म्हणून निघून गेले. त्यांच्या मदतनिसाने पंप दिला, कसा ओढायचा ते दाखवलं, कागद पाकिटात घालून माझ्या हातात दिला आणि सांगितलं की पुढच्या महिन्यात डॉक्टरांना भेटा, ते सगळं समजावून सांगतील.

कागद मी परतीच्या गाडीत उघडला. तू खिडकीशी बसली होतीस, बाही वर करून ती गांधी खाजवत होतीस. यादी इंग्रजीत होती. धूळ, गव्हाचा भुसा, बुरशी, झुरळ, अशी नावं, आणि सातवं नाव एरंडाचं, त्याच्या शास्त्रीय नावाने लिहिलेलं. दुसऱ्या कुणाच्या मुलाला ते विचारावं लागलं असतं. मला नाही. तू हात माझ्यासमोर धरलास, त्या गांधीवर बोट ठेवलंस आणि विचारलंस, "हाई इतली मोठी कसानी शे रे?"

मी म्हणालो, "धूळनी."

तू बाही खाली ओढलीस. मग विचारलंस, "येरंडनी नही?"

"नही माय. आठे तसं काही लिखेल नही."

मला नोकरीची भीती नव्हती. हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो, की दहा दिवसांवर दुसरी शिवारफेरी होती, शिवारभर माझ्या शब्दावर लागलेली कड होती, मी काय तोंड दाखवलं असतं. तेही होतं, पण खरं कारण त्याहून लहान होतं. तुझं बरोबर निघालं हे मला सहन झालं नाही. बांधावर चाळीस माणसांत मी तुला हसलो होतो, आणि तू बरोबर होतीस. एवढंच. आणि तू माझ्याकडे वळून काय म्हणालीस, तर, "इतला वरीस मी उगाच त्या झाडेस्वर आळ लिधा, भाऊ." माझी माफी मागितलीस तू. नंदुरबारला उतरल्यावर तू मुतारीकडे गेलीस तेवढ्यात मी तो कागद फाडला आणि चहाच्या टपरीशेजारच्या डब्यात टाकला. सुनेला सांगितलं, धुळीचं वावडं आहे. पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे नेलं नाही, कारण ते तुला सांगितल्याशिवाय राहिले नसते.

खोटं बोलून तिथेच थांबता आलं असतं तर मी कदाचित आज निवांत असतो. पण तू माझ्यावर विश्वास ठेवलास. दवाखान्याच्या कागदात एरंड नाही म्हटल्यावर तू नाकाचं फडकं काढून टाकलंस. मावशीला निरोप पाठवलास की या वर्षी येत नाही. खिडकी उघडी ठेवायला लागलीस, कारण धूळ तर खाली झाडण्याने उडते. आणि आपण झाडांना उगाच दोष दिला याची भरपाई म्हणून असेल, तू सकाळी सकाळी वावरात जायला लागलीस, माझ्या रांगांमधल्या अळ्या वेचायला, घोस तोडायला. शिवारफेरीला आलेल्या लोकांना तूच सांगितलंस की आपली समजूत चुकीची होती, मुलाने तपासून आणलं. मी तिथेच उभा होतो. मी मान डोलावली. त्या हिवाळ्यात तुला दोनदा गाडी करून नंदुरबारला न्यावं लागलं. पंप तू ओढायचीस, पण खोकल्याची बाटली संपवतात तसा, बरं वाटलं की ठेवून द्यायचीस, आणि तो रोज घ्यायचा असतो हे तुला सांगायला कोणी डॉक्टर नव्हता. सून म्हणायची, मोरीजवळची झाडं तरी तोडू या. तूच तिला नको म्हणालीस, त्यांचा काय दोष.

पुढच्या वर्षी पौषात, सकाळी, अंगणात एरंडाची वाळलेली बोंडं काठीने झोडपत असताना तू खाली बसलीस. मी घरात दाढी करत होतो. काठीचा आवाज थांबला हे मला कळलं होतं, मला वाटलं तू पाणी प्यायला गेलीस. सून ओरडली तेव्हा बाहेर आलो. तू दोन्ही हात जमिनीला टेकवून बसली होतीस, ओठ निळसर, आणि माझ्याकडे पाहत होतीस. काही बोलता येत नव्हतं तुला. गाडी यायला वेळ लागला नाही, दवाखाना गाठला, पण तू परत आली नाहीस. तिथल्या डॉक्टरांनी हृदय कमजोर होतं असं लिहिलं. मी सगळ्यांना हृदयाचंच सांगितलं, आणि दहाव्याच्या दिवशी काका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की मायची तू खूप सेवा केलीस. मी तुला मारलं असं मी लिहिणार नाही. दमेकरी माणसाचं काय कधी होईल सांगता येत नाही, हेही खरं आहे. पण तू स्वतःला जपायला शिकली होतीस, माय. कुणीही न शिकवता, माझं हसणं सोसून शिकली होतीस, आणि ते मी तुझ्याकडून एका शब्दात काढून घेतलं. गाडीत मी खोटं बोललो हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, सुनेलाही नाही. ती अजूनही म्हणते की तेव्हा आपल्याला कळलं असतं तर आई आणखी दहा वर्षं जगल्या असत्या. मी हं म्हणतो.

काकांचे एरंड काल निघाले. त्यांनी माणूस लावला आणि स्वतः काठी टेकत बांधावर उभे राहिले, एकही झाड सुटू नये म्हणून. पोरगी खिडकी बंद करून काचेतून पाहत होती. मला वाटलं, आत्ता जाऊन त्यांना सांगावं की तेव्हा मला माहीत होतं. चप्पल घातली. दारापर्यंत गेलो. मग वाटलं, त्यांना नीट ऐकू येत नाही, मोठ्याने सांगावं लागेल, आणि घरात सून आहे, पोरगी आहे. चप्पल काढून परत आत आलो.

हे पत्र मी सुनेला दाखवणार नाही आणि तुझ्या फोटोसमोरही ठेवणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून त्या गाडीत तुझ्या डोळ्यांसमोर कागद धरून मी खोटं वाचू शकलो. आज हे खरं लिहायचा धीर झाला तोही तुला वाचता येत नव्हतं म्हणूनच, माय.